बॅकवर खेळणाऱ्यांची पत्रं

गेल्या अंकाच्या शेवटी मी लिहिलं होतं की फुटबॉलमध्ये मागे खेळणाऱ्यांनीही आपले प्रश्न पाठवावेत. फॉरवर्डला सगळेच विचारतात. स्टॉपर (गोलसमोर मधोमध बचाव करणारा) आणि साईड बॅक (कडेने बचाव करणारा) यांच्या आई-बापांना मात्र कुणाला विचारावं तेच कळत नाही. मी नागपुरात स्टॉपर म्हणूनच खेळलो, नोकरीही मला त्याच जागेने दिली आणि आता सकाळी रेशीमबागेत पोरांना शिकवतो. म्हणून ही पत्रं जिव्हाळ्याने वाचली. काही उत्तरं लांबली आहेत, ती लांबू दिली.

मी दहावीत आहे. आजवर फॉरवर्ड खेळायचो. या मोसमात सरांनी मला स्टॉपरला टाकलं. माझी उंची ५ फूट ६ इंच आहे. मित्र म्हणतात, ज्याला गोल मारता येत नाही त्याला मागे टाकतात. स्टॉपर म्हणून पुढे काही होऊ शकतं का?
— एक विद्यार्थी, कामठी

बेटा, तू रब्बानी क्लबच्या गावात राहतोस. तिथे चहाच्या टपरीवरही तुला जुना खेळाडू भेटेल. त्यांच्यातल्या एखाद्या बॅकला गाठून विचार, कोच स्टॉपरच्या जागेसाठी पोरगा कसा निवडतो. बॉल आपल्याकडे नसतानाही ज्याची नजर फिरत असते, जो मैदानात बोलतो आणि ज्याला घाई नसते, असा पोरगा कोचच्या डोळ्यांत भरतो. तुझ्या सरांना तुझ्यात हे काहीतरी दिसलं असणार. त्यात तू फॉरवर्ड खेळलेला आहेस. फॉरवर्ड कुठे पळणार, बॉल कुणाकडे मागणार, हे तुला आतून माहीत आहे. ही मोठी शिदोरी आहे.

आता उंची. २००६ चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या इटलीचा कॅप्टन फाबिओ कॅनाव्हारो स्टॉपर होता आणि त्याची उंची होती १.७६ मीटर, म्हणजे जेमतेम पावणेसहा फूट. त्याच वर्षी त्याला जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ऑर पुरस्कार मिळाला. त्यानंतर आजवर एकाही बचावपटूला तो मिळालेला नाही. बार्सिलोनाचा पुयोलही सहा फुटांच्या आतलाच. तुझं वय बघता तुझी उंची अजून वाढेल. तरीही खरं ते सांगतो. आपल्याकडे क्लबचे लोक ट्रायलला स्टॉपर बघायला येतात तेव्हा पहिली नजर उंचीवरच जाते. म्हणून साईड बॅकची जागाही शिकून ठेव आणि डावा पाय तयार कर. डाव्या पायाचा बॅक सगळीकडे कमी पडतो, त्याला काम मिळतं.

आता सरावाचं. फॉरवर्ड बॉल घेऊन अंगावर येतो तेव्हा त्याच्यासमोर चौकोनी उभा राहू नकोस. अंग तिरपं ठेव, एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, वजन पंजांवर. नजर बॉलवर. तो खांदा हलवेल, कंबर हलवेल, तिकडे बघायचं नाही, कारण त्या हलण्याने गोल होत नसतो. अंतर दीड-दोन हातांचं ठेवून मागे सरकत राहा आणि त्याला साईडलाईनकडे, त्याच्या कच्च्या पायाकडे वळव. दर दोन-तीन पावलांनी त्याला बॉल पुढे टाकावा लागतो, आणि तेवढ्यापुरता बॉल त्याच्या पायापासून सुटतो. पाय घालायचा तो तेव्हा. त्याआधी पाय घातलास तर तो तुला चकवून जाईल. स्लायडिंगला, म्हणजे जमिनीवर घसरून बॉल काढण्याला, टाळ्या पडतात हे मला माहीत आहे, पण खाली पडलेला बॅक पुढची दोन-तीन सेकंद खेळात नसतो आणि गोल व्हायला तेवढा वेळ पुरतो. स्लायडिंग अगदी शेवटच्या क्षणासाठी राखून ठेव.

दुसरी गोष्ट मी रेशीमबागेत रोज करून घेतो. पोरगा माझ्याकडे तोंड करून उभा असतो, त्याच्या मागे दुसरा पोरगा बोटं वर करून उभा. मी पास दिला की बॉल पायाशी यायच्या आत याने मान वळवून मागची बोटं बघायची आणि आकडा ओरडायचा. सुरुवातीला बॉल पायाखालून निघून जातो. महिन्याभरात मान आपोआप वळायला लागते. मॅचमध्ये मागून येणारा फॉरवर्ड स्टॉपरला या सवयीमुळेच दिसतो. उंची कमी असेल तर तुला हे दुसऱ्यांपेक्षा जास्त लागेल. क्रॉस, म्हणजे कडेने आत येणारा उंच बॉल, कुठे पडणार हे एक पाऊल आधी कळलं, तर सहा फुटी फॉरवर्डच्या आधी तू जागेवर असशील.

आणि घाई करू नकोस. बॅक उशिरा तयार होतो. केरळचा अनस एदाथोडिका एकेकाळी रिक्षा चालवायचा. पुढे तो मुंबई एफसी आणि पुणे एफसीकडून वर्षानुवर्षं खेळला, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रात. भारताकडून पहिला सामना त्याला २०१७ मध्ये मिळाला तेव्हा तो ३० वर्षांचा होता. लिव्हरपूलचा व्हॅन डाइक शाळकरी वयात एका हॉटेलात भांडी घासायचा. लिव्हरपूलने त्याला ७ कोटी ५० लाख पौंडांना घेतलं ते २०१८ मध्ये, त्याच्या २६ व्या वर्षी. फॉरवर्डचा वेग विशीत दिसतो. बॅकची समज मात्र शेकडो सामने खेळून, गोल खाऊन येते. दहावीत तुला कुणी निवडलं नाही म्हणून काहीही संपलेलं नसतं.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, उंच आहे म्हणून त्याला बॅकला घेतात. त्याच्या क्लासमध्ये रोज हेड मारण्याचा सराव असतो. रात्री कधी कधी डोकं दुखतं म्हणतो. मी काळजी करते तर घरचे हसतात. मी चुकतेय का?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

ताई, तुम्ही चुकत नाही. डोकं दुखतं म्हणतो त्या दिवसापासून त्याचं हेडिंग (डोक्याने बॉल मारणं) बंद करा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. मग बाकीचं.

हा विषय मी गेली काही वर्षं नेटाने वाचतोय, कारण माझ्या जागेवर खेळणाऱ्यांशी त्याचा थेट संबंध आहे. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या. २०१९ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण सामान्य माणसांपेक्षा या खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट होतं. २०२१ मध्ये त्यांनी जागेनुसार आकडे मांडले. गोलकीपरमध्ये धोका सामान्य माणसाएवढाच निघाला. सगळ्यांत जास्त निघाला तो बचावपटूंमध्ये, जवळपास पाच पट. उंच बॉल डोक्याने परत पाठवणं हे आमचंच काम, त्यामुळे हा आकडा वाचल्यावर माझ्यासोबत खेळलेल्या जुन्या स्टॉपर मित्रांचे चेहरे डोळ्यांसमोर आले. याच अभ्यासात हेही दिसलं की हृदयविकाराने जाणाऱ्यांचं प्रमाण खेळाडूंमध्ये कमी होतं. म्हणून खेळ थांबवा असं मी मुळीच म्हणणार नाही. हेडिंग लहान वयात थांबवा, एवढंच म्हणणं आहे.

बाहेरच्या देशांनी ते केव्हाच केलंय. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये १० वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग बंद केलं आणि ११ ते १३ वयात सरावात मर्यादा घातली. इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढलं. मोठ्या व्यावसायिक खेळाडूंनीसुद्धा आठवड्याच्या सरावात जोरदार हेड १० पेक्षा जास्त मारू नयेत, असं तिथे २०२१ च्या मोसमापासून ठरलं. असं असताना आपल्या नऊ वर्षांच्या पोराने रोज हेड मारत बसायचं काही कारण नाही.

कोचशी बोलताना भांडणाच्या सुरात बोलू नका. बहुतेक कोच स्वतः तसेच शिकलेले असतात. त्यांना म्हणा, सर, बाराव्या वर्षापर्यंत त्याला फुग्यावर किंवा हलक्या स्पंजच्या बॉलवर शिकवा. शिकायचं काय असतं ते यात सगळं येतं: डोळे उघडे, हनुवटी आत, मान ताठ, बॉल कपाळाच्या मधोमध. उडी कधी मारायची हे तर बॉल नसतानाही शिकता येतं. मोठ्यांचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, तो हवा ठासून भरलेला आणि पावसात चिखलाने माखलेला असेल तर लहान मानेला झेपत नाही. एवढं सांगूनही कोच ऐकत नसतील, तर क्लास बदला. नागपुरात क्लासची वाण नाही.

आणि मॅचमध्ये डोक्याला डोकं लागलं, पोरगा गोंधळला, उलटी झाली, तर त्या दिवशी परत मैदानात नाही. अंतिम सामना असला तरी नाही.

भारताचा आजवरचा सर्वोत्तम स्टॉपर कोण? मुलं संदेश झिंगन म्हणतात, मी वेगळं म्हणतो.
— एक निवृत्त शिक्षक, सदर, नागपूर

सर, तुम्ही जर्नेल सिंग म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूचा. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये त्यांच्या डोक्याला दुखापत झाली. कोच सय्यद अब्दुल रहीम साहेबांनी त्यांना बसवलं नाही, मागून काढून थेट फॉरवर्डला खेळवलं. डोक्यावर टाके असताना त्यांनी उपांत्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही केला. त्या सामन्यातला भारताचा पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, भारत २-१ ने जिंकला. सुवर्णपदक आलं. आज डोक्याला टाके असलेल्या खेळाडूला मी मैदानात पाठवणार नाही, हे वरच्या ताईंना दिलेल्या उत्तरात लिहिलंच आहे. पण स्टॉपर म्हणून जर्नेल सिंगांच्या जवळ जाणारा भारतात दुसरा झाला नाही, हे माझं मत पक्कं आहे. झिंगनबद्दल मुलांना वाटणारा अभिमानही योग्यच आहे. त्याच्याविषयी खाली येईलच.

माझा मुलगा १६ वर्षांचा, राज्य पातळीवर बॅक खेळला आहे. एक एजंट घरी आला होता. स्पेनच्या क्लबची ट्रायल आणि तिथेच करार, असं म्हणतो. दीड लाख आधी मागतो. मुलगा हट्टाला पेटलाय.
— एक वडील, हुडकेश्वर

दादा, पैसे देऊ नका. कारण सांगतो, ते मुलालाही वाचून दाखवा.

फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, नियमांप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूची परदेशातल्या क्लबकडे नोंदणी होत नाही. अपवाद थोडे आहेत: आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले, घर सीमेला लागून आहे, युरोपातल्या युरोपात १६ नंतर बदली, अशा प्रकारचे. नागपूरच्या १६ वर्षांच्या मुलाला यातला एकही लागू होत नाही. म्हणजे जो करार होऊच शकत नाही, त्यासाठी तो माणूस दीड लाख मागतोय. फार तर तिथे सराव शिबिरात घालून, फोटो काढून परत आणेल.

एजंटला २०२३ पासून फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. त्याच्याकडून परवाना क्रमांक मागा. अल्पवयीन मुलाकडे तर एजंटने पालकांच्या लेखी परवानगीशिवाय जायचंच नसतं, आणि तेही त्या देशात मुलाला पहिला व्यावसायिक करार करता येईल त्या वयाच्या आधीचे फक्त सहा महिने. अकादमीची महिन्याची फी वेगळी, ती शिकवण्याची असते. करार मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारा आला, की दारातूनच परत पाठवायचा.

मुलाचं पुढे खरंच जमलं, तर दोन-चार गोष्टी लक्षात ठेवा. अल्पवयीन खेळाडूचा करार जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, त्याहून लांब कागद कुणी पुढे केला तर सही करू नका. करारात पगार कोणत्या तारखेला, दुखापत झाली तर ऑपरेशनचा खर्च कुणाचा आणि त्या काळात पगार चालू राहणार का, हे शब्दांत लिहिलेलं हवं. बॅकचं हाड-गुडघ्याचं काम असतं, त्यामुळे हे कलम मला पगाराच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. दोन महिन्यांचा पगार थकला, तर खेळाडू क्लबला किमान १५ दिवसांची लेखी मुदत देऊन, तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडू शकतो. मी बाहेरगावी एका क्लबकडून खेळलो तेव्हा शेवटच्या महिन्यांचे पैसे राहिले ते राहिलेच. तोंडी ठरलेलं होतं, दाखवायला कागद नव्हता. माझ्यासोबतच्या दोघांनी त्या पैशांच्या भरवशावर घरी शब्द दिलेले होते. म्हणून हे इतकं बारकाईने लिहितोय.

आणि ज्या छोट्या क्लबकडून तो आज खेळतो, तिथे त्याची नोंदणी भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या ऑनलाईन यादीत नीट आहे ना, हे तपासा. उद्या तो मोठा झाला आणि परदेशी क्लबने पैसे मोजून त्याला घेतलं, तर त्या रकमेतले पाच टक्के १२ ते २३ वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. नागपूर-कामठीच्या क्लबांनी हे वाचावं. नोंदच नसेल तर हक्क कशाच्या जोरावर सांगणार?

मी २३ वर्षांचा, स्टॉपर. खालच्या लीगमधल्या एका क्लबचा दहा महिन्यांचा करार समोर आहे. दुसरीकडे रेल्वेत खेळाडू कोट्यातून नोकरीची संधी आहे. घरी बाबा रिटायर होत आहेत. मोठा खेळाडू व्हायचं स्वप्न सोडवत नाही. काय करू?
— एक खेळाडू, अजनी

भाऊ, तुझं पत्र मी सगळ्यांत जास्त वेळा वाचलं.

आधी क्लबांची बाजू बघू. महिंद्रा युनायटेडसारख्या संघाने २०१० मध्ये गाशा गुंडाळला, जेसीटीने २०११ मध्ये. दोघेही देशातल्या सर्वोच्च लीगचे विजेते राहिलेले. पुणे एफसीही गेली. २०२५ च्या जुलैमध्ये तर आयएसएलचाच (इंडियन सुपर लीग, देशातली सर्वोच्च लीग) मोसम थांबला, कारण फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार संपत आला होता आणि नवा ठरला नव्हता. काही क्लबांनी पगार रोखले. भारतीय संघातले खेळाडू घरी बसले, तर खालच्या लीगमधल्या पोरांचं काय झालं असेल ते तूच बघ. दहा महिन्यांचा करार म्हणजे अकराव्या महिन्यात तू मोकळा, आणि मध्ये लिगामेंट गेलं तर पुढचा करार द्यायला कुणी येत नाही.

आता रेल्वेची बाजू. आपलं नागपूर मुंबई-हावडा मार्गावर मधोमध आहे. जुन्या पिढीतली पोरं गीतांजलीत बसून कोलकात्याला जायची किंवा विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला, आणि बरीचशी परत येऊन मोतीबागच्या मैदानावर रेल्वेकडून खेळायची. रेल्वेचा संघ संतोष ट्रॉफीत स्वतंत्र उतरतो. म्हणजे नोकरी धरलीस तरी राष्ट्रीय पातळीचा दरवाजा उघडा राहतो. सराव सुटत नाही, गुडघा दुखला तर रेल्वेचं हॉस्पिटल आहे, आणि बाबा निश्चिंत होतात.

एक गोष्ट मात्र नोकरीच्या विरोधात आहे, ती लपवत नाही. स्टॉपर २० ते २६ या वयात सामन्यांवर तयार होतो. याच वर्षांत वरच्या दर्जाचे फॉरवर्ड अंगावर घ्यायला मिळाले तर समज वाढते. विभागीय संघात वर्षाला मोजके सामने मिळाले, तर तू जिथे आहेस तिथेच राहशील. म्हणून रेल्वेच्या कोचला सरळ विचार, वर्षभरात किती सामने होतात, आणि सध्याचे दोन स्टॉपर कोण आणि किती वर्षांचे. क्लबलाही हेच विचार. पहिल्या अकरात जागा आहे की बाकावर? बाकावर बसून तयार झालेला स्टॉपर मी पाहिलेला नाही.

माझं मत विचारशील तर नोकरी घे. संदेश झिंगनचं उदाहरण देतो. तो युनायटेड सिक्कीमकडून सुरू झाला, २०१४ मध्ये केरळा ब्लास्टर्सकडून नाव झालं, भारताचा कणा बनला. २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबने घेतलं, आणि तिथे दुखापतीमुळे एकही सामना न खेळता परत यावं लागलं. तो परत आला तेव्हा त्याच्या नावावर इतकं काही होतं की क्लब त्याची वाट बघत होते. तुझ्या-माझ्यासारख्याकडे ते नसतं, आपल्याला पायाखाली काहीतरी पक्कं लागतं. वरच्या लीगमधल्या एखाद्या क्लबने दोन-तीन वर्षांचा करार आणि खेळायला जागा दिली असती, तर मी उलट उत्तर दिलं असतं.

कागदपत्रांचं आजच बघ. खेळाडू कोट्यात कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं ते जाहिरातीत लिहिलेलं असतं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्येही खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून करून घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. चांगले खेळाडू या एका कागदापायी मागे राहिलेले मी पाहिले आहेत.

मी १९ वर्षांची, विद्यापीठ संघात स्टॉपर. गुडघ्याच्या एसीएल या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. आता दुखत नाही. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, मॅडम म्हणतात पट्टा बांधून खेळ. खेळू का?
— एक खेळाडू, बल्लारपूर

नाही, बेटा. दुखत नाही याचा अर्थ लिगामेंट तयार झालं असा होत नाही. नवं लिगामेंट रुजायला वेळ लागतो आणि नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. व्हॅन डाइकला २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एव्हर्टनविरुद्ध ही दुखापत झाली. जगातली उत्तम वैद्यकीय टीम हाताशी असताना तो पुढच्या जुलैमध्ये मैदानात परतला. तुला पट्टा बांधून सहा महिन्यांत उतरवणं बरोबर नाही. मॅडमना हे उत्तर दाखव. त्यांना संघाची चिंता आहे, ती मी समजू शकतो.

मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त होते, म्हणून बरं झाल्यावरही तुला काळजी घ्यावी लागेल. आरशासमोर उभी राहून एका पायावर हळू खाली बस. गुडघा आतल्या बाजूला कलतो का बघ. कलत असेल तर मांडीच्या मागचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू अजून कच्चे आहेत. मग फिजिओच्या देखरेखीखाली एका पायावर उडी मारून उतरायचं, पंजा-टाच-गुडघा एका रेषेत, आणि उतरताना आवाज कमी आला पाहिजे. दोन्ही पायांची ताकद आणि उडीची लांबी जवळपास सारखी झाली, ऑपरेशन केलेला पाय दुसऱ्याच्या किमान ९० टक्के आला, की मगच बॉलसह धक्काबुक्कीचा सराव. फिफाचा ११ प्लस नावाचा वॉर्म-अप आहे, वीसेक मिनिटांचा, खर्च शून्य. तो अख्ख्या संघाने प्रत्येक सरावाआधी करावा. दुखापती त्याने खरोखर कमी होतात.

मणिपूरची आशालता देवी स्टॉपरच आहे. भारताची कॅप्टन म्हणून तिने वर्षानुवर्षं मागची फळी सांभाळली. तुझ्यापुढे अजून पंधरा वर्षांचा खेळ आहे, एका विद्यापीठ स्पर्धेसाठी तो पणाला लावू नकोस.

वय ३६. विभागाच्या संघात अजून स्टॉपर खेळतो. पाय मंदावलेत पण खेळ कळतो. कधी थांबावं, आणि पुढे काय?
— एक पोलीस कर्मचारी, नागपूर

साहेब, इटलीचा बॅक मालदिनी मिलान क्लबकडून १६ व्या वर्षी उतरला आणि २००९ मध्ये थांबला तेव्हा चाळिशीत होता. पोर्तुगालचा पेपे २०२४ च्या युरो स्पर्धेत ४१ व्या वर्षी खेळला. थियागो सिल्वाला तरुणपणी मॉस्कोत क्षयरोग झाला होता, तोच २०२१ मध्ये ३६ व्या वर्षी चेल्सीकडून चॅम्पियन्स लीग जिंकला. तेव्हा वयाचं मनावर घेऊ नका. दोन पावलं मागे उभं राहा, शेजारी पळणारा तरुण स्टॉपर घ्या आणि त्याला तोंडाने चालवा. मेच्या उन्हात मात्र सकाळी आठनंतर मैदानात थांबू नका. सामन्यानंतर तिसऱ्या दिवशीही पाय भरलेलेच राहू लागले, मागे वळून पळताना कोवळी पोरं रोज सुटू लागली, की थांबायचं.

पुढचं काम आजच सुरू करता येईल. फेडरेशनचा डी लायसन्स कोर्स करा, त्यानंतर आशियाई संघटनेचे सी, बी, ए आणि प्रो असे टप्पे आहेत. भारताकडून बॅक खेळलेला महेश गवळी पुढे राष्ट्रीय संघांच्या कोचिंगमध्ये आला. खेळत असतानाच डी करून ठेवला तर विभागाचा ज्युनियर संघ तुमच्याकडे येऊ शकतो, आणि कोर्सला जायला रजेचा अर्ज खेळाडू म्हणून केलेला सोपा जातो. कोर्स जाहीर झाला की जागा लवकर भरतात, म्हणून जिल्हा संघटनेकडे आपलं नाव आणि फोन नंबर आधीच देऊन ठेवा.